मालिका बंद करू नका, मोजणी मागा!

मंडळाच्या गेल्या सभेत एक ठराव चर्चेला आला. 'सायंकाळी सात ते दहा या वेळेत मराठी घरांनी टीव्ही बंद ठेवावा आणि तो वेळ मुलांना मराठी वाचून दाखवण्यात घालवावा.' टाळ्या पडल्या. मीही सवयीने दोन वाजवल्या. घरी आलो तर आई साडेसातची मालिका पाहत बसली होती आणि तिच्या मांडीला मांडी लावून माझी धाकटी. मी मोठ्या उत्साहाने ठराव सांगितला. आईने मान न वळवता विचारले, "बंद कर बापडा. पण मग या पोरीच्या कानावर मराठी पडणार कुठून, तेही सभेत ठरलं का?"

ते ठरले नव्हते. म्हणून हा लेख.

दुसऱ्याच दिवशी जिन्यात पाय मुरगळला आणि आठ दिवस रजा टाकून घरी बसावे लागले. तेव्हा वही-पेन घेऊन एक संपूर्ण आठवडा मराठी वाहिन्या पाहिल्या. आधीच कबूल करतो की मी मालिकांचा शत्रू नाही, चाहता आहे. १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झाली आणि 'आभाळमाया' लागू लागली, तेव्हापासूनचा. त्या काळी आमच्या वाड्यात ज्याच्या घरी वाहिनी स्वच्छ दिसे त्याच्याकडे सारे जमत. बडोद्यात बसून रोज संध्याकाळी अस्सल मराठी संवाद ऐकायला मिळणे ही चैन होती. ज्यांना आज ती चैन वाटत नाही त्यांनी ते दिवस आठवून पाहावेत.

आता आठवड्याचा हिशोब. आमच्या घरात मालिकांना नावे नाहीत, वेळा आहेत. सातची, साडेसातची, आठची. सोमवारी रात्री दहापर्यंत माझ्या वहीत तीन कारस्थाने, एक खोटे मृत्युपत्र, दोन चोरून ऐकलेली संभाषणे आणि एक मोडता मोडता राहिलेले लग्न एवढी जमा झाली. मंगळवारी तेच मृत्युपत्र पुन्हा, दुसऱ्या घरात. मी हसलो. आई हसली नाही. ती त्या सुनेला सूचना देत होती, "अगं, कागद नीट वाच आधी!" चाळीस वर्षे संसार केलेल्या बाईला त्या सुनेची काळजी वाटते, यात मला हसण्यासारखे काही दिसेना.

बुधवारी धाकटी शाळेतून आली ती रडवेली. कारण विचारले तर म्हणाली, "बाबा, तिने माझ्याविरुद्ध कारस्थान केलं!" बंधू-भगिनींनो, ही मुलगी इंग्रजी शाळेत जाते, अंगणात गुजरातीत खेळते, भाजीला 'शाक' म्हणते आणि वाक्याच्या शेवटी 'ने' लावते. तिला 'कारस्थान' हा शब्द मी शिकवला नाही. मंडळाच्या संस्कारवर्गातही तो शिकवलेला नाही. 'गाऱ्हाणं', 'सोशिक', 'कानउघाडणी' हेही शब्द तिने तिथूनच उचलले. आता मालिका पाहून मुले कारस्थानच शिकणार, दुसरे काय, असे कोणी म्हणेल. पण घरात मराठी बोलायला एक आजी आणि एक पडदा एवढेच उरलेले असताना पडदा विझवा म्हणणे सोपे आहे. आजी किती वर्षे पुरणार?

म्हणून माझा ठरावाला विरोध आहे. पण याचा अर्थ वाहिन्यांना शाबासकी द्यावी असा नाही. माझी तक्रार वेगळी आहे आणि सभेत तिचा उच्चारही झाला नाही. ती अशी, की या वाहिन्यांच्या लेखी आपण नाहीच.

आठवडाभर मी प्रत्येक मालिकेपुढे तिची जागा लिहून काढली. मुंबई, पुणे, कोल्हापूरकडचे एखादे गाव, साताऱ्याकडचा एखादा वाडा, कधी कोकण. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मराठी घर त्या आठवड्यात एकदाही दिसले नाही. बडोदे नाही, इंदूर नाही, ग्वाल्हेर नाही, बेळगाव नाही. महाराष्ट्राबाहेरचा माणूस आलाच तर तो परप्रांतीय म्हणून. २०१६ मध्ये 'काहे दिया परदेस' आली, तेव्हा मुंबईची मराठी मुलगी आणि बनारसचा मुलगा अशी गोष्ट होती. गोड मालिका होती, आम्ही रोज पाहिली. पण मराठी माणूसही कुठेतरी 'परदेस'चा असतो आणि तरीही मराठीच असतो, ही गोष्ट कोणाला सुचली नाही.

'आमच्या मातीतल्या गोष्टी आम्ही सांगतो' असे उत्तर कोणी देईल. ठीक आहे, माती तपासू. २०१९ पासून २०२४ पर्यंत घराघरांत पाहिली गेलेली 'आई कुठे काय करते' मूळ 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेवरून घेतलेली. २०२० ची 'सहकुटुंब सहपरिवार' तमिळ 'पांडियन स्टोअर्स'वरून. २०२२ च्या डिसेंबरात सुरू झालेली 'ठरलं तर मग' तमिळ 'रोजा'वरून. घेण्यात पाप नाही, चांगले कुठूनही घ्यावे. पण कोलकात्याची आई आणि तमिळनाडूचे किराणा दुकान मराठीत बेमालूम बसवता येते, तर दांडिया बाजारातले मराठी घर मराठीत बसवायला अडचण कसली? त्याला तर भाषांतरही लागणार नाही!

गोष्टींची वाण आहे म्हणावे तर तेही नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळ १८७५ मध्ये दत्तक घेतला जातो आणि सयाजीराव महाराज म्हणून बडोद्याच्या गादीवर बसतो. तोच राजा १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करतो. त्याच राजाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला जातात, १९१७ मध्ये नोकरीसाठी याच शहरात येतात आणि अस्पृश्य म्हणून त्यांना इथे राहायला जागा मिळत नाही. तो बडोद्याचा कलंक आहे, तोही दाखवा, आम्ही मान खाली घालून पाहू. २०१९ मध्ये बाबासाहेबांवर मालिका आली, कारण त्यांचे चरित्र फार मोठे आहे. पण ज्यांचे चरित्र छापलेले नाही, अशा शेकडो साध्या मराठी घरांचे काय? ती कारकून म्हणून आली, शिक्षक म्हणून आली, राज्य गेले तरी इथेच राहिली. त्यांच्या गोष्टीत खोटे मृत्युपत्र घालायची गरजच पडणार नाही.

शनिवारी विनोदी कार्यक्रम. हसलो, खोटे कशाला बोलू! मग एक प्रहसन लागले, त्यात गुजराती शेठ. पोट पुढे, हिशोबाची वही काखेत, मोडके मराठी. प्रेक्षक खो-खो हसत होते. धाकटीने विचारले, "बाबा, हा माझ्यासारखं का बोलतो?" मी आवाज कमी केला. आपल्या मुलांच्या तोंडची मराठी ही तिकडे नक्कल करून हसण्याची वस्तू आहे, हे मुलीला कसे समजावणार? आणि ज्या शेजाऱ्याच्या ओट्यावर ती वाढली, तो तसला शेठ नाही, हेही तिला ठाऊक आहे.

आता मुद्द्याचे. हे असे का होते? वाहिन्या दुष्ट आहेत म्हणून नव्हे. ज्याची मोजणी होते त्याचीच दखल घेतली जाते, हा व्यवहार आहे आणि बँकेच्या खिडकीमागे आयुष्य गेलेल्या माणसाला तो समजतो. कोणती मालिका किती पाहिली गेली हे 'बार्क' ही संस्था मोजते. तिच्या साप्ताहिक तक्त्यात मराठी वाहिन्यांचा क्रम लावलेला असतो आणि शेजारी बाजारपेठ लिहिलेली असते, महाराष्ट्र आणि गोवा. संपले! त्या क्रमात बडोद्याच्या आजीला जागा नाही. तिने मालिका पाहिली काय आणि न पाहिली काय, तो तक्ता तिळभरही हलत नाही. आणि मालिकेचे भवितव्य अशा आकड्यांवर ठरते.

२०११ च्या जनगणनेत मातृभाषा मराठी लिहिणारे देशात सुमारे ८ कोटी ३० लाख होते. त्यांतले सुमारे ५५ लाख महाराष्ट्राबाहेर. एकट्या गुजरातेत ९ लाखांच्या वर. एवढी माणसे एका ओळीत वजा!

पैसे मात्र वजा होत नाहीत. २०१९ मध्ये 'ट्राय'चे नवे नियम आले आणि वाहिन्या निवडून घेण्याची पद्धत सुरू झाली. तेव्हा पॅकमध्ये बसणाऱ्या वाहिनीला महिना १९ रुपयांची मर्यादा होती. आमचा केबलवाला यादी घेऊन आला. गुजराती आणि हिंदी तयार पॅकमध्ये, मराठी हवी तर वेगळी मागा, वेगळे पैसे भरा. आम्ही मागितली, भरले. पुण्यातल्या घराला जी भाषा न मागता मिळते ती आम्ही मागून घेतो. मग जास्त निष्ठावान प्रेक्षक कोण? पैसे आमचे चालतात, माणसे मोजायची नाहीत, हा कुठला न्याय?

हे आपल्याला नवीन नाही. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी आपण सीमेच्या या बाजूला राहिलो. दर १ मे रोजी मराठी वाहिन्यांवर महाराष्ट्र दिनाचा जल्लोष असतो. आपणही कौतुकाने पाहतो. भाषा एक आणि नकाशा दुसरा, याची सवय आपण साठ वर्षांत करून घेतली. पण ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला तो भाषेला, नकाशाला नाही. १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार वेळा साहित्य संमेलने या शहरात भरली, ती भाषेची भरली. भाषेच्या नावाने धंदा करणाऱ्यांनी भाषेची सगळी माणसे मोजावीत, एवढेच मागणे आहे.

आता थोडे स्वतःकडे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. मी ज्या मराठी शाळेत शिकलो ती आज नाही. मुले मिळेनात म्हणून बंद पडली, आणि न मिळालेल्या मुलांत माझ्याही दोन आहेत. घरातली मराठी टिकवण्याचे काम आपण मालिकांवर टाकून मोकळे झालो, कारण ते बसल्या जागी होते. आणि वाहिनीला गेल्या वीस वर्षांत एक पत्र तरी कोणी लिहिले? मी नाही. गणपतीत मराठी गाण्यांवर नाचलो की वर्षाचे कर्तव्य संपले!

तेव्हा मूळ ठरावाला माझी दुरुस्ती अशी आहे. टीव्ही बंद करू नये. मंडळाने प्रत्येक सभासद कुटुंबाकडून कोणत्या मराठी वाहिन्या पैसे भरून घेतल्या जातात याची यादी करावी, आणि ती घरांच्या संख्येसह सर्व मराठी वाहिन्यांना व 'बार्क'ला पाठवावी. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, गोवा इथल्या मंडळांनाही तसे करण्याची विनंती करावी. गोव्याचे बंधू मोजणीत आहेत, त्यांनी आपला शब्द आणखी जोराने टाकावा. मागणी एकच, मराठी प्रेक्षकांच्या तक्त्यात महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांचा रकाना हवा. आणि वाचनाचे म्हणाल तर दहाची मालिका संपल्यावर अर्धा तास उरतोच. मी सुरुवात केली आहे. धाकटी एक परिच्छेद वाचते, मी एक. परवा ती 'ळ' वर अडली. आईने पदर सावरत तिथल्या तिथे तिच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतला.

पुढील सभेत ही दुरुस्ती मी मांडणार आहे. अनुमोदन द्यायला एक हात वर यावा, एवढीच अपेक्षा. सभा मात्र सायंकाळी पाचला ठेवा. साडेसातला आईला घरी पोहोचायचे असते.