हिरवी खूण आणि न वाचलेली फाइल

‘अहो, एक फाइल उघडायची आणि वाचायची. त्याला कसली आलीय टेस्ट?’ प्रोग्रामर मंडळींच्या तोंडून हे मी इतक्यांदा ऐकले आहे की आता याचा समाचार घेणे भाग आहे.

या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. कोड चालवण्याआधीच त्यातल्या चुका शोधणाऱ्या साधनांना लिंटर म्हणतात. पायथॉनसाठी पायलिंट, जावास्क्रिप्टसाठी ईएसलिंट ही त्यांतली प्रसिद्ध नावे. कोणते नियम लावायचे, कोणते फोल्डर वगळायचे, हे कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेले असते. लिंटर हा परीक्षक, तर ही त्याची नियमावली. परीक्षकाने नियमावली उघडलीच नाही तर? पुष्कळदा तो थांबत नाही. स्वतःचे ठरावीक नियम लावून मोकळा होतो.

आमच्याच टीमने लिहिलेल्या एका साधनात हे घडले. कुणीतरी कॉन्फिग फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली. साधनाला ती सापडली नाही आणि ते गप्प राहिले. कित्येक आठवडे हिरवी खूण येत राहिली. कडक तपासणी चालू आहे असे आम्ही समजत होतो, पण आमचा एकही नियम लागत नव्हता. टेस्ट नव्हत्या असे नाही. प्रत्येक नियमाला टेस्ट होती. फाइल वाचण्याला मात्र नव्हती.

कारण शोधले तेव्हा कळले, पायथॉनच्या कॉन्फिगपार्सरला न सापडणारी फाइल वाचायला दिली तर तो चूक दाखवत नाही. ज्या फाइली वाचता आल्या त्यांची यादी तेवढी परत देतो. दोष त्याचा नाही, त्याच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिले आहे. ती यादी न पाहणारे आम्ही दोषी.

आता ‘सोपे काम’ किती सोपे आहे ते पाहा. पायलिंट आधी चालू फोल्डरमध्ये वेगवेगळ्या नावांच्या फाइली ठरलेल्या क्रमाने शोधतो. तिथे नसेल तर पुढे युजरच्या होम फोल्डरपर्यंत जातो. दोन फाइली एकदम सापडल्या तर मान कोणाचा? प्रोग्रामरच्या होम फोल्डरमध्ये पडलेली जुनी फाइल त्याच्या मशीनवर टेस्ट पास करून देते आणि सर्व्हरवर तीच टेस्ट पडते. यामलचे तर विचारूच नका. पायथॉनची आवृत्ती अवतरणचिन्हांशिवाय ३.१० अशी लिहिली, की ती संख्या म्हणून वाचली जाते आणि हाती ३.१ येते!

म्हणून टेस्ट हवी ती बिघाडाची. तात्पुरते फोल्डर तयार करा, होम फोल्डरही त्यातलेच दाखवा. मग फाइल नसताना, फाइल मोडकी असताना, दोन फाइली असताना, नियमाचे नाव चुकलेले असताना काय होते ते तपासा. साधनाने मोठ्याने तक्रार केली पाहिजे आणि अपयशाचा कोड परत दिला पाहिजे. ‘चांगली फाइल वाचता येते’ एवढीच टेस्ट म्हणजे फक्त आपल्या बाजूचे साक्षीदार बोलावण्यासारखे आहे.

यावर एक आक्षेप खरा आहे. अनोळखी नाव दिसताच अडवले तर प्लगइनचे नियम अडतील, कारण ते मूळ साधनाला माहीतच नसतात. कबूल. मग आधी प्लगइन लोड करा, नंतर नावे तपासा, आणि या क्रमाचीही टेस्ट लिहा. अवघड आहे म्हणून गप्प बसणे हा उपाय नव्हे.

मोठ्याने बोलल्याने जग बुडत नाही. २०२४ मध्ये आलेल्या ईएसलिंटच्या नवव्या आवृत्तीने कॉन्फिगची पद्धतच बदलली. नवी फाइल सापडली नाही, की ते चूक दाखवून थांबते. लोकांना त्रास झाला, कुरकुरही झाली. पण आपली फाइल वाचली गेली नाही, हे पहिल्याच दिवशी कळले. आम्हाला ते कळायला कित्येक आठवडे लागले.

दुसऱ्याच्या कोडमधला चुकलेला स्वल्पविराम दाखवणाऱ्या साधनाने आपल्याला दिलेले नियम वाचले की नाही, एवढे तरी खरे सांगावे. तो खरेपणा टेस्टशिवाय टिकत नाही.