किरणोपचार आणि बुडीत मजुरी

कर्करोगावरील उपचार आता रुग्णागणिक ठरविता येतात, असे वैद्यकशास्त्र सांगते. एकाच अवयवातील दोन गाठींचा स्वभाव भिन्न असू शकतो. तो तपासून नेमके औषध निवडावयाचे व त्याला किरणोपचाराची जोड द्यावयाची, ही नवी दिशा आहे. शास्त्राला गाठीचा स्वभाव कळू लागला. पण ती गाठ ज्याच्या देहात आहे, त्या माणसाची परिस्थिती कोणी ओळखावयाची?

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने तोंड-घशाच्या वाढलेल्या कर्करोगाच्या ५३६ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. किरणोपचार आणि सिस्प्लॅटिन या नेहमीच्या उपचाराला निमोटुझुमॅब या औषधाची जोड देण्यात आली. कर्कपेशींना वाढीचा संदेश ज्या द्वारातून मिळतो, ते द्वार हे औषध अडविते. दोन वर्षांनंतर रोग न बळावता जगणाऱ्यांचे प्रमाण ५० टक्क्यांवरून सुमारे ६२ टक्क्यांवर गेले. एकूण आयुर्मान निश्चितपणे वाढल्याचे मात्र सिद्ध झाले नाही. त्याच वर्गातील सेटुक्सिमॅब हे महाग औषध तर पॅपिलोमा विषाणूमुळे होणाऱ्या घशाच्या कर्करोगात जुन्या सिस्प्लॅटिनपेक्षा उणे ठरले. म्हणूनच तपासणी आवश्यक; महाग ते गुणकारी, हा बाजाराचा न्याय येथे चालत नाही.

निमोटुझुमॅब जन्मले ते क्यूबातील सरकारी संशोधन केंद्रात. त्याची चाचणी घेणारे टाटा रुग्णालय १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. ज्ञान असे सार्वजनिक श्रमातून निपजले. भारतात औषध मात्र २००६ साली खासगी कंपनीमार्फत बाजारात आले.

आता अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याकडे पाहावे. चौदा तालुके, सतरा हजार चौरस किलोमीटरांचा पसारा. किरणोपचाराच्या तेहतीस ते पस्तीस बैठका आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे जवळजवळ सात आठवडे चालतात. अकोल्याचा आदिवासी शेतमजूर किंवा पाथर्डीचा ऊसतोड कामगार एवढे दिवस कोठे राहणार आणि त्याची चूल कशी पेटणार? महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण आता पाच लाखांपर्यंत आहे. ती रुग्णालयाचा खर्च उचलते, बुडालेली मजुरी नव्हे. अर्ध्यावर सोडलेला किरणोपचार रोगाला पुन्हा डोके वर काढू देतो. अशा वेळी दोष रुग्णाच्या अज्ञानाला देणे हा शुद्ध अन्याय होय.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. गाठीची तपासणी व किरणोपचार जिल्ह्यातच, सरकारी रुग्णालयात आणि विनामूल्य मिळावेत. रुग्णाला व सोबत्याला निवारा आणि बुडीत मजुरी मिळावी. औषधे शासनाने एकत्रित खरेदी करावीत. अशा खरेदीने किमती खाली येतात, हे राष्ट्रीय कर्करोग जालाने दाखवून दिले आहे.

दरम्यान कार्यकर्त्यांनाही काम आहे. याच जिल्ह्यातील जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातील सामान्य, अनेकदा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातील न भरणारा व्रण वस्तीवरच ओळखला गेला, तर पुष्कळांना त्या पस्तीस बैठकांची वेळच येणार नाही. ज्यांच्यावर ती येईल, त्यांना मजुरी आणि जीव यांतून एकाची निवड करावी लागू नये.