गोचिडीचे बळ कोणी वाढविले?

मालवण ते वेंगुर्ले या किनारपट्टीत गाय ही बड्या बागायतदाराची हौस नाही. ती लहान कुटुंबाची मिळकत आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, आंबा-काजू वर्षातून एकदाच पैसा देतो, घरचा कर्ता पुरुष पुष्कळदा मुंबईत असतो. रोजचा पैसा देते ती गोठ्यातली दुभती गाय, आणि तिचे सारे करते ती घरची बाई. ही गाय एके दिवशी तापाने फणफणते. खांद्यापुढच्या गाठी सुजतात, ती वैरण सोडते, रक्त आटते आणि वेळीच उपचार न झाल्यास ती दगावते. याला गोचीडताप म्हणतात. दुसऱ्या एका तापात जनावराची लघवी तांबडी होते. पहिल्याचे कारण थायलेरिया, दुसऱ्याचे बबेसिया. दोन्ही रक्तातले सूक्ष्म परजीवी, आणि दोन्हींची वाहक गोचीड.

या रोगांचे खापर पशुपालकाच्या अडाणीपणावर फोडण्याची रीत सोयीची आहे, पण ती खरी नाही. गोचीड कोकणात पूर्वीही होती. वाढले आहे ते तिचे बळ, आणि ते माणसाच्या निर्णयांनी वाढविले आहे.

पहिला निर्णय संकराचा. १९७० साली दूध महापूर योजना सुरू झाली आणि पुढच्या काळात जर्सी व होल्स्टीन रक्ताच्या गाई खेड्यापाड्यांत पोहोचल्या. त्यांनी दूध वाढविले, अनेक घरांना आधार दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या गोचिडीबरोबर राहिलेली देशी गाय जो थायलेरिया बहुधा निभावून नेते, तोच संकरित गाईच्या जिवावर बेततो. कोकणच्या लहान चणीच्या गाईला ‘कोकण कपिला’ म्हणून जातीची नोंद मिळाली ती २०१८ साली. अधिक दुधाची गाय दारात आली. तिला जगविणारी व्यवस्था त्याच वेगाने आली नाही.

दुसरे कारण जनावरांच्या व्यापारात आहे. घाटावरच्या बाजारातून आणलेली गाय आपल्याबरोबर गोचिडी आणते. आजारातून उठलेले जनावर वरून धडधाकट दिसले तरी त्याच्या रक्तात परजीवी टिकून राहतात. गोठ्यात घेण्यापूर्वी तिचे रक्त तपासावे, काही दिवस तिला वेगळे बांधावे, हे शहाणपण सर्वांना मान्य आहे. पण तपासणीची सोय हाताशी नसेल तर शहाणपण काय कामाचे?

तिसरे कारण औषधांचा एकाकी वापर. गोचीड आयुष्याचा मोठा भाग जनावराच्या अंगाबाहेर, गवतात किंवा गोठ्याच्या भेगांत काढते, आणि एक मादी हजारो अंडी घालते. एकाच घराने गाईला फवारा मारून भागत नाही. तेच औषध कमी-जास्त मात्रेत वारंवार वापरल्याने त्याला न जुमानणाऱ्या गोचिडी उरतात. भारतात असा प्रतिकार आढळला आहे. उष्ण, दमट हवा त्यांच्या पैदाशीला पोषकच आहे.

चौथे कारण मोडलेले जंगल. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात प्रथम आढळलेला माकडताप २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात पोहोचला आणि माणसे दगावली. हा विषाणूचा रोग. गुरे त्याने आजारी पडत नाहीत, पण त्याच्या वाहक गोचिडींना मात्र पोसतात. जंगल तोडून बागा आणि वस्त्या जितक्या आत सरकतात, तितकी गुरे, माकडे आणि मजूर एकाच गोचिडीच्या टप्प्यात येतात. गोठ्याचे आणि माणसाचे आरोग्य वेगळे नाही, हा धडा या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे.

२०२२ साली लंपी रोगाची साथ आली, तेव्हा मृत गाईसाठी ३० हजार रुपयांची मदत राज्य सरकारने जाहीर केली. ते योग्यच झाले. पण गोचीडताप एकाच वेळी हजार गोठ्यांत शिरत नाही. तो आज या वाडीत एक, उद्या त्या वाडीत एक असे जनावर नेतो. त्याची बातमी होत नाही. गाय कर्जाने घेतलेली असेल तर ती मरते आणि हप्ता मात्र जिवंत राहतो.

उपाय अज्ञात नाहीत. लवकर निदान झाले तर थायलेरियावर बुपारव्हाक्वोन हे औषध गुणकारी आहे. संकरित वासरांसाठी भारतात लस तयार होते. मात्र ती द्रव नायट्रोजनमध्ये साठवावी लागते, म्हणजे ते काम एकट्यादुकट्या घराचे नव्हेच. तालुक्याला रक्ततपासणीची सोय, पशुवैद्यकाची भरलेली जागा, बाहेरून येणाऱ्या जनावराची तपासणी आणि साऱ्या वाडीने एकाच वेळी करावयाचे गोचीडनिर्मूलन, या मागण्या कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत ठरावाच्या रूपाने मांडावयास हव्यात. दुधाचा लाभ साऱ्या समाजाने घ्यावा आणि गाय मेल्याचा तोटा मात्र एकट्या बाईने सोसावा, हा न्याय नव्हे.