कूलरचा पत्रा आणि इंजिनिअरची नीती

फेब्रुवारी संपत आला की नागपुरात पत्रा ठोकण्याचा आवाज सुरू होतो. पत्रा कापणारा, वाकवणारा, मोटार बसवणारा, ताट्या भरणारा अशा कितीतरी कारागिरांची वर्षाची कमाई उन्हाळ्याच्या तीन-चार महिन्यांच्या कूलरवर असते. त्यांत आपले लोकही आहेत. आणि आता कारागिरांच्या घरांतली मुले इंजिनिअरिंगला जाऊ लागली आहेत. बाप दुकानात कूलर बनवतो, मुलगा वर्गात उष्णतेचे शास्त्र शिकतो. पण या विषयावर दोघांचे बोलणे होत नाही. आमच्या मते खरे नुकसान इथेच होते.

नागपूरला इंजिनिअरिंग शिक्षणाची कमतरता नाही. लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट १९४२ ची, आज व्हीएनआयटी म्हणून ओळखले जाणारे महाविद्यालय १९६० चे, सदरचे अंजुमन इंजिनिअरिंग कॉलेज १९९९ चे. भारत २०१४ साली वॉशिंग्टन करारात पूर्ण सभासद झाला. आपल्या पदवीला त्या करारातल्या देशांत मान मिळावा म्हणून जे निकष ठेवले गेले, त्यांत पर्यावरणाचे भान आणि व्यवसायाची नीतिमत्ता या दोन्ही गोष्टी आहेत. कागदावर सर्व ठीक आहे. परंतु नीती व्याख्यानात, पर्यावरण दुसऱ्या पुस्तकात आणि उद्योजकता एखाद्या दिवसाच्या शिबिरात, अशी वाटणी झाली की मुलाच्या हाती फक्त गुण लागतात. या तिन्ही गोष्टी एकाच वस्तूवर, एकाच वेळी शिकवाव्यात असे आम्हाला वाटते. नागपुरात त्यासाठी कूलरहून चांगली वस्तू कोणती?

हिशेब पाहा. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता हवेतून ओढून घेते. म्हणून मे महिन्याच्या कोरड्या हवेत दोनशे वॉटच्या आसपासचा कूलर खोली गार करतो. दीड टनाच्या एसीला त्याच कामाला दीड हजार वॉटच्या आसपास लागतात. गरिबाला परवडणारे आणि वीज वाचवणारे हे यंत्र आहे. पण पाणी त्याला भरपूर लागते आणि उन्हाळ्यात पाण्याचीच ओरड असते. क्षारांनी ताट्या बुजतात, वुडवूल बहुधा दर हंगामाला फेकावे लागते, टाकीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. यातल्या एकेका गोष्टीवर विद्यार्थ्याने वर्षभर डोके चालवावे.

आता नीतीचा प्रश्न. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. अंग ओले, फरशी ओली, बॉडी पत्र्याची आणि अर्थिंग नाही. तीस मिलिअँपिअरवर वीज तोडणारा ब्रेकर घरात बसवला आणि बॉडीला नीट अर्थिंग दिले, तर यातले बहुतेक जीव वाचतील. कूलरसाठी आयएस ३३१५ हे भारतीय मानकही आहे. तरीही स्वस्तात माल काढण्याच्या चढाओढीत तीन तारांच्या जागी दोन तारांची वायर लागते आणि चोवीस गेजचा पत्रा सांगून अठ्ठावीस गेजचा दिला जातो. गिऱ्हाइकाला गेज कळत नाही, म्हणूनच ती आपली जबाबदारी ठरते. मापात मारलेला काटा तराजूत दिसतो, वायरीत मारलेला काटा कोणाच्या तरी घरात मय्यत झाल्यावर दिसतो. हे विद्यार्थ्याने परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत नव्हे, दर ठरवताना दुकानात शिकले पाहिजे. सुरक्षित वायरीचे वाढीव पैसे गिऱ्हाइकाकडून कसे घ्यायचे, हा नीतीचाही प्रश्न आहे आणि धंद्याचाही.

नुसता चांगला हेतू पुरत नाही, याचा एक दाखला देतो. इजिप्तचे वास्तुशिल्पी हसन फतही यांनी १९४५ नंतर लक्सरजवळ न्यू गुर्ना हे गाव मातीच्या विटांनी बांधायला घेतले. वारा पकडून घर गार ठेवणारे जुने मलकफ त्यांनी पुन्हा वापरात आणले, स्थानिक गवंड्यांना मान दिला. काम जगभर नावाजले गेले. पण ज्या गुर्नावासीयांसाठी गाव होते त्यांची रोजी-रोटी जुन्या कबरींच्या परिसरातच होती. त्यांनी हलायला नकार दिला आणि गाव अर्धवट राहिले. वस्तू कितीही उत्तम असो, ती वापरणाऱ्याचे पोट कशावर चालते हे आधी विचारावे लागते. उद्योजकतेचा पहिला धडा हाच आहे.

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाचे काही प्रकल्प कारागिराच्या दुकानात करू द्यावेत. गुण देताना कूलरने पाणी किती वाचवले, तो सुरक्षित आहे का, आणि उस्ताद तो पुढच्या हंगामात त्याच भावात बनवू शकतो का, हे तपासावे. तसेच नव्या रचनेतून कमाई झाली तर कारागिराचे नाव आणि वाटा आधीच लिहून ठरलेला असावा. मिस्त्रीची वर्षानुवर्षांची अक्कल फुकट उचलून तिच्यावर आपले नाव घालणे हीही चोरीच आहे.

दुसरी सूचना आमच्या व्यापारी आणि कारागीर बंधूंना. विद्यार्थी दारात आला तर 'सीझन आहे, नंतर या' म्हणून त्याला परतवू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हात मोकळे असताना, त्याला बोलवा. कंपन्यांचे प्लास्टिकचे कूलर आणि हप्त्यावरचे एसी बाजार खात आहेत. त्यांच्यापुढे आपला पत्र्याचा कूलर टिकायचा असेल तर तो सुरक्षित, टिकाऊ आणि कमी पाण्याचा करावाच लागेल. ते ज्ञान वर्गात आहे, हात दुकानात आहेत. हे दोन्ही एकत्र आले तर आपल्या मुलाला नोकरीच्या रांगेत उभे राहण्यावाचून दुसरीही वाट दिसेल, आणि ती वाट त्याच्या बापाच्या दुकानातून जात असेल.