सूचनाफलक कोणासाठी?

२९ जून २०१९ च्या पहाटे पुण्याच्या कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि १५ जण ठार झाले. त्यांत लहान मुलेही होती. बहुतेक मृत बिहारचे. भिंत भाषेमुळे पडली नाही, हे खरेच. परंतु ‘ही जागा धोक्याची आहे’ असे तिच्याखाली निजणाऱ्यांना सांगावयाचे असते, तर ते कोणत्या भाषेत व कोणापाशी, हा प्रश्न ढिगाऱ्याबरोबर उचलून टाकता येणार नाही.

१९४८ च्या कारखाना कायद्याने सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याचे बंधन घातले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. त्यामागची समजूत मात्र कायम आहे. ती दोन्ही पायांनी लंगडी आहे. अल्पसंख्य भाषिकाचा हात यंत्रात सापडला तर तो कमी चिरडला जात नाही. आणि भाषा समजणे निराळे, वाचता येणे निराळे. ‘हिंदीभाषक’ ही तर सोयीची पाटी. एकट्या कटिहारकडे घराघरांतून सूरजापुरी, अंगिका, बंगालीही बोलली जाते.

बांधकामावर ही पोकळी मुकादम भरून काढतो. मालकाचे तो मजुराला सांगतो, मजुराचे मालकाला. मध्ये काय गळते ते मजुराला कळत नाही. (मालकाला कळून घेण्याची निकड नसते, हा भाग अलाहिदा.) गावी उचल तोच देतो, हजेरी तोच मांडतो आणि कापलेल्या रोजाचा हिशेबही त्याच्याच तोंडून ऐकावा लागतो. दुभाषेपण हेच त्याचे भांडवल, आणि त्याचे व्याज मजुरीतून वसूल होते.

चळवळीचा व्यवहार तरी वेगळा आहे काय? द्वारसभांतून जड मराठीतील पत्रके वाटावयाची आणि न आलेल्यांवर उदासीनतेचा ठपका ठेवावयाचा, ही सवय जुनी आहे. निरक्षर शेतकऱ्याची फसवणूक जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ या नाटकातून मांडली; नाटक वाचावयाचे नव्हे, पाहावयाचे असते. कार्यकर्त्यांनी प्रत्येक वस्तीत मजुरांनीच निवडलेला, त्यांच्या बोलीचा एक माणूस शोधावा. रोजाचा दर, कपात, धोक्याच्या जागा त्याने मोठ्याने सांगाव्यात, आणि ऐकणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगावे. हे पगाराच्या आदल्या संध्याकाळी व्हावे, आणि मुकादम तेथे नसावा.