स्टिअरिंग सरळ करू नका, दोष शोधा

गाडी सरळ धावतेय, पण स्टिअरिंगचा आडवा दांडा एका बाजूला कललेला आहे, ही तक्रार घेऊन गॅरेजात जा. बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो. मधला नट सैल करायचा, स्टिअरिंगचं चाक दात्यांवरून उपटायचं, एक-दोन दाते फिरवून पुन्हा बसवायचं आणि नट आवळायचा. दांडा आडवा दिसतो, मालक खूश होतो, पैसे दिले जातात. याला मी दुरुस्ती म्हणत नाही. हे पुरावा नष्ट करणं आहे. गाडीखाली काहीतरी वाकलंय, सरकलंय किंवा सैल झालंय, हे सांगणारी एकमेव खूण मालकाच्या डोळ्यांसमोर होती. तीच पुसून टाकली आणि गाडी घाटात सोडून दिली.

शहरात फिरणाऱ्या हॅचबॅकच्या बाबतीतही हे चूकच आहे. पण मी बोलतोय ते जिप्सी, थार, जिम्नी, गुरखा, जुनी महिंद्रा जीप अशा गाड्यांबद्दल. माझी स्वतःची जिप्सी आहे. या गाड्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतून जातात, डबराच्या वाटांवर चढतात, पावसाळ्यात चिखलाखाली दडलेल्या धोंड्यांवर आपटतात. स्टिअरिंगला पुढच्या चाकांशी जोडणारे खालचे दांडे मार खाण्याच्याच जागी असतात. अशा गाडीचं स्टिअरिंग वाकडं झालं तर पहिला संशय दांड्यांवरच जायला हवा. प्रत्यक्षात लोक पहिला हात घालतात तो चाकाला, कारण ते बसल्या जागी काढता येतं आणि कपडे मळत नाहीत.

चाक फिरवून बसवल्यानं काय बिघडतं, तेही ऐका. जिप्सीसारख्या गाडीत स्टिअरिंग बॉक्स असतो. त्यातले दाते अगदी मध्यावर सर्वांत घट्ट मिळतात, जेणेकरून सरळ जाताना ढिलेपणा जाणवू नये. खालचे दांडे तसेच वाकडे ठेवून वरचं चाक फिरवलंत, तर गाडी सरळ चालते तेव्हा बॉक्स मध्यावर नसतो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सैल वाटतं, एका बाजूला ते जास्त वळतं आणि दुसऱ्या बाजूला कमी. घाटातल्या वळणावर हा फरक जाणवतो, तेव्हा बाजूला दरी असते. एअरबॅग असलेल्या गाडीत प्रकरण आणखी गंभीर होतं. भारतात नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची आहे. तिच्या तारा चाकाखालच्या गुंडाळलेल्या पट्टीतून, म्हणजे क्लॉक स्प्रिंगमधून येतात. चाक मध्यापासून हलवून बसवलं की ही पट्टी एका बाजूला तोकडी पडते आणि पूर्ण वळणात तुटू शकते. शिवाय ईएसपी असलेल्या गाडीत कोन मोजणारा सेन्सर असतो. गाडी सरळ असताना त्यानं वळणाचा कोन दाखवला, तर ब्रेक लावण्याचा निर्णय घेणारी यंत्रणा चुकीच्या माहितीवर चालते.

मग दोष शोधायचा कसा? आधी एक गोंधळ दूर करू. स्टिअरिंग वाकडं असणं आणि गाडी एका बाजूला ओढणं, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. सपाट, मोकळ्या रस्त्यावर हात हलके ठेवा. दांडा कललेला असूनही गाडी सरळ गेली, तर प्रश्न खालच्या दांड्यांच्या लांबीचा किंवा आसाच्या जागेचा आहे. गाडी बाजूला ओढत असेल, तर टायर, ब्रेक किंवा चाकांचे कोन तपासा. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात आणि आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे किंचित डावीकडे जाणं हा गाडीचा दोष नसतो. तोच रस्ता उलट दिशेनंही तपासा. हवा चारही टायरमध्ये योग्य हवी. पुढचे दोन टायर आपापसात बदलून पाहा. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरमध्ये आहे. थोडं चालवल्यावर एकाच चाकाची रिम जास्त तापली असेल, तर तिथला ब्रेक चिकटतोय. यातल्या कशालाही यंत्र लागत नाही, तरी ग्राहक दारात येताच त्याला अलाइनमेंटच्या यंत्रावर चढवलं जातं.

नंतर खाली झोपायचं. टायर जमिनीवर असू द्या. एकानं स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवत राहावं आणि दुसऱ्यानं प्रत्येक सांध्यावर नजर आणि बोट ठेवावं. टाय रॉडचे एंड, ड्रॅग लिंकचे बॉल जॉइंट, पिटमन आर्म (बॉक्समधून निघून ड्रॅग लिंकला ढकलणारा हात), स्टिअरिंग बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट. दांडा हातानं फिरवून पाहा. वाकलेला दांडा फिरताना मधोमध डोलतो.

इथं समजून घेण्याची गोष्ट ही की, कुठला दांडा वाकला हे गाडी स्वतःच सांगते. अखंड आसाच्या गाडीत टाय रॉड दोन्ही पुढची चाकं एकमेकांना जोडतो आणि ड्रॅग लिंक स्टिअरिंग बॉक्सला चाकाशी जोडते. दोन्ही चाकांना टाय रॉडच सांधत असेल, तर एकटी ड्रॅग लिंक वाकल्यानं चाकांचं आपसातलं नातं बिघडत नाही. गाडी सरळ जाते, टायर झिजत नाहीत, फक्त स्टिअरिंग वाकडं होतं. टाय रॉड वाकला तर टो, म्हणजे चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, बिघडतो आणि टायरच्या कडा खाल्ल्या जातात. नव्या थारसारख्या गाडीत पुढची चाकं स्वतंत्र असतात आणि रॅकच्या दोन्ही टोकांना वेगळे टाय रॉड असतात. एक वाकला की सरळ जाताना दोन्ही चाकं ती चूक निम्मी-निम्मी वाटून घेतात आणि स्टिअरिंग कलतं. म्हणूनच जिप्सीत ड्रॅग लिंकची लांबी जुळवली जाते, तर थारमध्ये दोन्ही टाय रॉडची लांबी मोजून जुळवावी लागते, एकूण टो योग्य ठेवून. हा फरक ज्याला सांगता येत नाही, त्यानं पाना खाली ठेवावा.

चाकाशी आधीच कुणी छेडछाड केलीय का, हेही कळतं. पुढची चाकं उचला, इंजिन बंद ठेवा, बॉक्सच्या गाडीत ड्रॅग लिंक पिटमन आर्मपासून सोडवा, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा आणि त्यांच्या निम्म्यावर आणा. तो बॉक्सचा किंवा रॅकचा मध्य. तिथं स्टिअरिंगचा दांडा आडवा असेल, पण सगळं जोडल्यावर पुढची चाकं वळलेली असतील, तर दोष खालच्या दांड्यांत किंवा चुकीच्या दात्यावर बसवलेल्या पिटमन आर्ममध्ये आहे. तिथं स्टिअरिंगचा दांडाच वाकडा असेल, तर स्टिअरिंगचं चाक कुणीतरी चुकीच्या दात्यावर बसवलंय.

आणि मागचा आस? त्याकडे कुणी बघतच नाही. पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, गाडीत आस पाट्यावर जागच्या जागी ठेवण्याचं काम सेंटर बोल्ट करतो आणि यू-बोल्ट त्याला आवळून धरतात. यू-बोल्ट ढिले झाले की सेंटर बोल्ट तुटतो आणि आस मागे-पुढे सरकतो. मागची चाकं तिरकी ढकलतात, ते सावरायला पुढची चाकं वळलेली ठेवावी लागतात, आणि मालक म्हणतो स्टिअरिंग वाकडं झालं. दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेपनं मोजा. ओळंबा सोडून चेसिसच्या दोन्ही बाजूंच्या सारख्या बिंदूंच्या खुणा जमिनीवर खडूनं करा आणि त्यांचे कर्ण ताडून पाहा. फक्त पुढच्या दोन चाकांचं अलाइनमेंट करून कागद हातात देणारा माणूस ही गोष्ट कधीच पकडू शकत नाही. चारही चाकांची मोजणी मागा, आधीचे आणि नंतरचे आकडे मागा. मागचा आस अखंड आहे, त्यात जुळवण्यासारखं काही नाही, म्हणून मोजत नाही, असं उत्तर मिळालं तर दुसरं दुकान गाठा.

सर्वांत धोकादायक प्रकार मात्र वेगळाच. स्टिअरिंग दगड लागल्यावर एकदम वाकडं झालं, तर काहीतरी वाकलं किंवा सरकलं. हळूहळू झालं, तर सांधे आणि बुश झिजले. पण ते आज एका कोनात आणि उद्या दुसऱ्या कोनात असेल, तर गाडी जागेवर उभी करा. स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट ढिले असतील, बॉक्सपाशी चेसिसला तडा असेल, ड्रॅग लिंकचा क्लॅम्प सुटत असेल किंवा आस सरकत असेल. इथं चाक फिरवून बसवणारा माणूस जिवाशी खेळतोय.

आता गाडी उंच करून देणाऱ्यांबद्दल. जिम्नीसारख्या गाडीत अखंड आसाला आडवी धरणारी पट्टी असते, तिचं एक टोक चेसिसला आणि एक आसाला. स्प्रिंग उंच केले की ही पट्टी जास्त उभी होते आणि आसाला एका बाजूला खेचते. ड्रॅग लिंकही तिरकी होते. स्टिअरिंग वाकडं होणारच, हा भूमितीचा हिशेब आहे. तो जुळवण्यासाठी लांबी बदलता येणारी पट्टी लागते, ड्रॅग लिंक जुळवावी लागते, आणि दोन्ही शक्यतो समांतर ठेवाव्या लागतात, नाहीतर खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळतं. हे काम न करता नुसते स्प्रिंग विकणारे लोक अर्धं काम पूर्ण पैशांत विकतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करायला मनाई करतात, हेही ते गिऱ्हाइकाला सांगत नाहीत.

वाकलेला टाय रॉड गॅसवर तापवून सरळ करणं किंवा तुटलेला वेल्ड करून देणं, ही आपल्याकडची आणखी एक सवय. रानात अडकलात तर ठोकून सरळ करा आणि हळूहळू घरी या. घरी आल्यावर तो भंगारात टाका. तापवलेल्या जागी पोलादाची ताकद पूर्वीची राहत नाही. दोन्ही पुढची चाकं एका दांड्याच्या भरवशावर असतात, त्या दांड्यात काटकसर करणारा मालक बरोबर बसलेल्यांचा जीव पणाला लावतो.

दोष एकट्या मेस्त्रीचा नाही. मालक बंपर, दिवे, विंच यांवर हौसेनं खर्च करतात आणि दांड्यांच्या सांध्यांसाठी घासाघीस करतात. त्यांना कारण नको असतं, आडवा दांडा हवा असतो. मेस्त्री तोच देतो.

म्हणून सांगतो. स्टिअरिंग वाकडं दिसलं की चाकाच्या नटाला कुणालाही हात लावू देऊ नका. आधी कारण सांग, मग पाना उचल, असं तोंडावर म्हणा. खालचे दांडे, सांधे, बोल्ट आणि मागचा आस तपासून ते जुळल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं. आधी कुणी चाक चुकीच्या दात्यावर बसवलेलं नसतानाही ते चाकावरून सरळ करावं लागलं, तर दुरुस्ती झालेली नाही.