खाटा मोजायच्या, की माणसाचा दिवस?

‘आमच्या पश्चात याचे काय?’ स्वमग्न किंवा बौद्धिक दिव्यांगता असलेल्या मुलांच्या आईवडिलांना हा प्रश्न आयुष्यभर छळतो. माझी मावशी सत्तरीला आली आहे आणि चाळिशीतल्या मुलासाठी अजून निवासी संस्था पाहत फिरते आहे. परवा एक संस्था पाहून आल्यावर ती म्हणाली, “फरशी लखलखीत आहे रे, पण सगळे भिंतीला टेकून बसलेले होते.”

दिल्लीतील रोहिणी येथील ‘आशा किरण’ या सरकारी निवासगृहात जुलै २०२४ मध्ये झालेल्या १४ मृत्यूंच्या बातमीने देश हादरला. क्षमतेहून कितीतरी अधिक माणसे तेथे राहत होती. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा संस्थांच्या देशव्यापी पाहणीचे काम आठ राष्ट्रीय विधी विद्यापीठांकडे सोपवले. हा निर्णय स्वागतार्हच आहे. मात्र मोजमाप हाच ज्याचा व्यवसाय, अशा माझ्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञाला पहिला प्रश्न पडतो तो असा : या पाहणीत नेमके काय मोजले जाणार?

खाटा, स्नानगृहे, कर्मचारी आणि नोंदवह्या मोजणे सोपे असते. गर्दी जीवघेणी ठरते, म्हणून ते आवश्यकही आहे. पण पुरेसे नाही. ब्रिटनमधील केंट विद्यापीठाचे जिम मॅन्सेल आणि त्यांचे सहकारी यांनी वेगळी पद्धत वापरली. ठरावीक अंतराने निरीक्षण करून, निवासी व्यक्ती किती वेळ कशात तरी गुंतलेली असते आणि कर्मचारी तिला किती वेळ मदत करतात, हे ते नोंदवीत. चांगली इमारत आणि पुरेसे मनुष्यबळ एवढ्याने जीवनमान सुधारतेच असे नाही. कर्मचारी प्रत्यक्षात काय करतात, हे निर्णायक ठरते, असे त्यांना आढळले. भाजी निवडण्यात हात लावू देणे आणि ताट आयते पुढे सरकवणे यांतला हा फरक आहे.

पाहणीची पूर्वसूचना दिली, तर मोजमापच बिघडते. इंग्लंडमधील विंटरबोर्न व्ह्यू हे खासगी रुग्णालय अधिकृत नोंदणी असलेले होते. तेथील छळ २०११ मध्ये उघड झाला तो ‘बीबीसी’च्या छुप्या कॅमेऱ्यामुळे.

म्हणून तीन अपेक्षा. भेटी अचानक व्हाव्यात आणि त्यांत माणसांचा दिवस कसा जातो हे नोंदवले जावे. गुंगी आणणारी औषधे कोणाला, किती आणि कशासाठी दिली जातात, हे तपासले जावे. प्रत्येक मृत्यूचा संस्थेबाहेरील तज्ज्ञांनी आढावा घ्यावा आणि त्याचे निष्कर्ष, नावे वगळून, जाहीर व्हावेत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ समाजात राहण्याचा हक्क मान्य करतो. संस्थांची पाहणी हा त्या हक्काला पर्याय नव्हे. परंतु जे आज भिंतीला टेकून बसले आहेत, त्यांचा आजचा दिवस तरी कोणी मोजायला हवा. मावशीने कोणतीही प्रश्नावली हाती न घेता नेमके तेच मोजले होते.